सोळा खोल्यांचा एक डबा

नांदेडच्या स्टेशनातून बाहेर पडलं, रिक्षावाल्यांचा गराडा चुकवला आणि समोरच्या अरुंद गल्लीत शिरलं की गोदातीर्थ लॉज लागतो. नावात गोदा असली तरी नदी तिथून चांगली लांब आहे. गच्चीवरून दिसते म्हणून सांगतात, पण गच्चीवर वाळत घातलेल्या चादरीच इतक्या असतात की नदी कुणी पाहिलेली नाही.

या लॉजच्या काउंटरवर अंगद बसतो. मुदखेडजवळच्या एका खेड्यातून तो तरुणपणी कॉलेजात नाव घालायला नांदेडला आला आणि याच लॉजात उतरला. थोरले मालक म्हणाले, "जरा बस रे काउंटरवर, मी जेवून येतो." तेव्हा जो बसला तो बसलाच. थोरले मालक जेवून आले, पुढे यथावकाश वारलेही. त्यांचा मुलगा रविकिरण मालक झाला. अंगद आपला बसलेलाच.

माणूस सोन्यासारखा. एकच खोड होती. त्याला 'नाही' म्हणता येत नसे. गरम पाणी मिळेल का? हाव. खिडकीकडची खोली मिळेल का? हाव. आमच्यासोबत एक बोकड आहे, ठेवू का? यालासुद्धा त्यानं एकदा हाव म्हटलं होतं, आणि मग त्या बोकडाला दिवसभर जिन्याखाली लपवता लपवता त्याचा जीव निघाला होता. एकच खोली दोन गिऱ्हाइकांना कबूल करून बसायची वेळ तर वरचेवर यायची. मग तो दुसऱ्याला स्वतःची खाट द्यायचा आणि आपण बाकड्यावर निजायचा.

तरीही गाडं चाललं होतं. ते अडलं टीव्हीपाशी.

रविकिरण राहायचा संभाजीनगरला. पोरगा शिकलेला, बोलायला गोड, अंगदला 'काका' म्हणणारा. त्यानं हौसेनं सोळाही खोल्यांत टीव्ही बसवले. पण प्रत्येक खोलीला वेगळी डिश घ्यायची म्हणजे आकाशाला ठिगळ. तेव्हा चौफाळा भागातले सलीमभाई बोलावले गेले. सलीमभाईंच्या घरात आजोबांपासून रेडिओ-टेपची दुरुस्ती चालत आलेली, सलीमभाई टीव्ही आणि डिशवर आले होते.

"देखो अंगदभाई, बात एकदम सोपी हाय," काउंटरच्या खालच्या कप्प्यात डोकं घालून सलीमभाई म्हणाले. "डिशचा डबा एक. तो इथं तुमच्या पायाशी. त्याच्यातून एक वायर तुमच्या काउंटरच्या टीव्हीला. दुसरी वायर ह्या मशीनमधी, आन् मशीनमधून सोळा फांद्या, सोळा खोल्या. बाप एक, लेकरं सोळा. बाप जे बोलंल तेच समदी लेकरं बोलणार."

"आन् एखाद्या लेकराला दुसरं बघायचं असलं तर?"

"तर ते बापाला फोन करंल," सलीमभाई म्हणाले आणि पक्कड पिशवीत टाकून निघून गेले.

लेकरांनी फोन केले. असे केले की काउंटरवरचा इंटरकॉम गरम व्हायचा. गुरुद्वाऱ्याला आलेल्या यात्रेकरूंना कीर्तन हवं असायचं. दवाखान्यासाठी आलेल्यांना बातम्या, त्यांच्या लेकरांना कार्टून, परीक्षेला आलेल्या पोरांना क्रिकेट. देगलूरचे मन्मथअप्पा कापडाच्या खरेदीला नेहमी यायचे. त्यांना तेलुगू सिनेमा लागायचा, त्याशिवाय त्यांना जेवण उतरत नसे. प्रत्येकाला अंगद म्हणायचा, हाव, लावतो. आणि लावायचाही. त्यामुळे सोळा खोल्यांत कीर्तनातून एकदम मारामारी निघायची, मारामारीतून पावसाचा अंदाज, आणि अंदाज पुरता कळायच्या आत एक मांजर एका उंदराच्या मागे धावत सुटायचं.

मग अंगदनं भिंतीवर फळा लावला. सकाळी भक्ती, दुपारी बातम्या, संध्याकाळी सिनेमा. नियम म्हणजे नियम. पण एका संध्याकाळी सामना अगदी रंगात आला, शेवटची ओव्हर चालू झाली, बॉलर धावत निघाला आणि फळ्यावरची वेळ झाली म्हणून अंगदनं इमानदारीनं सिनेमा लावला. वरच्या दोन मजल्यांवरून एकाच वेळी "अबेऽ" असा आवाज उठला. पाठोपाठ बनियनवरचे आठ-दहा जण जिन्यावरून खाली आले. त्या दिवसापासून फळा जिन्याखाली, बोकडाच्या जागी गेला.

अशात रविकिरणच्या मनात आलं की लॉजला कॅमेरा पाहिजे. आजकाल सगळीकडेच असतो. तो संभाजीनगरला बसून मोबाईलवर काउंटर बघणार होता. सलीमभाई पुन्हा आले. काउंटरच्या समोरच्या भिंतीवर त्यांनी वाटीएवढा कॅमेरा ठोकला. त्यात माणसाचं बोलणंही ऐकू येण्याची सोय होती. त्याचा काळा डबा त्यांनी डिशच्या काळ्या डब्याशेजारी ठेवला. दोन्ही डबे जुळ्या भावांसारखे. जागा करायला त्यांनी आधी सगळ्या वायरी काढल्या आणि काम झाल्यावर एकेक परत लावायला घेतली. काउंटरच्या टीव्हीची लावली, तिथं मालिका दिसायला लागली, झकास. खोल्यांच्या मशीनची वायर हातात घेतली आणि त्यांच्या बायकोचा, बानोभाभींचा फोन आला.

"हाव, आणतो... न्हाई, कोथमीर विसरलो न्हाई... अरे बाबा, आत्ता हातात वायर हाय माझ्या!" मोबाईल कान आणि खांद्यात धरून सलीमभाईंनी ती वायर डब्यात खोचली.

पण ती डिशच्या डब्यात नाही, शेजारच्या कॅमेऱ्याच्या डब्यात.

सलीमभाई कोथमीर घ्यायला गेले. अंगद आपल्या टीव्हीवरची मालिका बघत बसला. आणि सोळाच्या सोळा खोल्यांत, सोळा टीव्हींवर, मालिका बघत बसलेला अंगद दिसायला लागला.

पहिल्यांदा अंगदच्या लक्षात आली ती शांतता. इंटरकॉम वाजेचना. संध्याकाळ झाली तरी कुणाला कार्टून नको, कुणाला कीर्तन नको. त्यानं रिसीव्हर उचलून बघितला, चालू होता. "देव पावला," असं म्हणून त्यानं पाय खुर्चीवर घेतले, कानात काडी घातली आणि डोळे मिटून सावकाश कान कोरला. वर दहा नंबरमध्ये मन्मथअप्पा जेवता जेवता थांबून ते बघत होते.

गिऱ्हाइकांना आधी वाटलं काहीतरी बिघडलंय. पण फोन करावा तर ज्याला करायचा तोच समोर टीव्हीवर, तोही इतका सुखात बसलेला. म्हणून जो तो थोडं थांबला. आणि थांबला तो बघतच राहिला. काउंटरवर सारखं काही ना काही घडत होतं. एक नवरा-बायको खोलीवरून भांडत आले, भांडत किल्ली घेऊन गेले. एक जण बादली मागायला आला आणि राजकारणावर बोलून बादली न घेताच परतला. मालिकेत ही गंमत नव्हती.

मग इंटरकॉम वाजला. खालच्या मजल्यावर एक नंबरला धुरपताबाई उतरल्या होत्या. कंधारकडची म्हातारी. नवऱ्याच्या, दगडोबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, पट्टी सुटेपर्यंत दोघं लॉजवर मुक्कामाला होती.

"मॅनेजर, तुझा च्या गार झाला की रे," धुरपताबाई म्हणाल्या. "पिऊन घे."

अंगदनं कपाकडे पाहिलं. खरंच चहावर साय धरली होती. त्यानं एक नंबरच्या दाराकडे पाहिलं. दार बंद.

"आजी, तुमाला कसं कळलं?"

"दिसून राहिलं की," धुरपताबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला. त्यांना वाटत होतं, शहरातल्या लॉजात मॅनेजर दाखवायची अशी सोय असतच असेल. त्यात विचारण्यासारखं काय?

अंगदच्या अंगावर मात्र काटा आला. थोड्या वेळानं तो किल्ली शोधायला लागला, तेव्हा पुन्हा फोन. "आरं, खिशात घातलीस मगाशी. वरच्या." किल्ली वरच्या खिशात होती. म्हातारीच्या अंगात देवीचा वास आहे, याविषयी अंगदची खात्री पटली. तो हळूच उठला, गल्लीतून नारळ घेऊन आला आणि एक नंबरचं दार वाजवून त्यानं तो म्हातारीच्या पायाशी ठेवला.

"हे कशापायी?" धुरपताबाई म्हणाल्या.

"असू द्या आजी. एक विचारायचं हाय. माझी छत्री हरवलीय. मागल्या पावसाळ्यापसनं घावंना. तुमाला काही दिसतं का?"

धुरपताबाईंनी मान वळवून खोलीत बघितलं. टीव्ही दाराआडच्या भिंतीला होता, अंगदला तो दिसत नव्हता. "काळी हाय का? तुझ्या खुर्चीच्या मागं खिळ्याला लटकलेली, कॅलेंडरच्या खालून टोक दिसून राहिलं ती?"

अंगद धावत गेला. कॅलेंडर उचललं. छत्री! त्यानं तिथूनच एक नंबरच्या दाराला हात जोडले. वरच्या दोन मजल्यांवर हशा पिकला, तो अंगदला ऐकू आला, पण मालिकेत काही विनोद झाला असेल म्हणून त्यानं सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अयोध्येचा फोन आला. अयोध्या म्हणजे अंगदची बायको. ती गावी मुदखेडकडे राहायची, शेती बघायची, आणि बायकांच्या भजनी मंडळात मृदंग वाजवायची. बाईनं मृदंग वाजवायचा म्हटल्यावर गाव आधी हसलं होतं, मग ऐकायला लागलं होतं. मंडळाचा नंबर भजन स्पर्धेच्या शेवटच्या फेरीत लागला होता. फेरी लातूरला, येत्या रविवारी.

"समद्या बायांचे नवरे येऊन राहिले," अयोध्या म्हणाली. "केवळाबाईचा नवरा तर काठी टेकत यायलाय. माझाच तेवढा फोनवर."

"अयोध्ये, रविवारी परीक्षा हाय. समद्या खोल्या भरल्यात. मालकाला सुट्टी कशी मागू? तू फोटू पाठव, मी बघतो."

"मी काय फोटूसाठी वाजवून राहिले? मला मानूस पायजे म्होरं बसलेला." तिचा आवाज थोडा उतरला. "बगा, जमलं तर."

अंगदनं फोन ठेवला. मग आजूबाजूला कुणी नाही असं बघून उठला, शर्टाची बटणं लावली आणि रिकाम्या खुर्चीसमोर उभा राहिला.

"मालक," तो खुर्चीला म्हणाला, "एक अर्ज होता." थांबला. "नाही. अर्ज नको. मालक, मला रविवारी सुट्टी पायजे. बायकोचं भजन हाय लातूरला."

मग तो स्वतःच खुर्चीत जाऊन बसला, पायावर पाय टाकला, रविकिरणसारखा चष्मा वर सरकवल्याची ॲक्टिंग केली आणि नाकात बोलत म्हणाला, "अहो काका, रविवारी? तुम्हीच नसाल तर लॉजचं कसं होणार?"

पुन्हा उठून समोर. "नाही मालक. या बारीला मी जाणारच."

हे 'नाही' इतकं बारीक निघालं की त्याचं त्यालाच पटलं नाही. त्यानं पुन्हा म्हणून बघितलं. पुन्हा. सगळी सकाळ, गिऱ्हाईक नसेल तेव्हा, अंगद खुर्चीला सुट्टी मागत होता आणि खुर्चीतून ती नाकारत होता. वर परीक्षेची पोरं पुस्तकं मिटून बसली. मन्मथअप्पा त्याच सकाळी देगलूरला जायचे होते, त्यांनी मुक्काम वाढवला. सुट्टी मिळते की नाही हे बघितल्याशिवाय जाणार कसे?

आणि दुपारी, कुणाला काही न कळवता, रविकिरण खरंच दारात उभा राहिला. परीक्षेची गर्दी, म्हणून एकदा बघून जावं, असा त्याचा विचार. अंगद ताडकन उठला.

"बसा हो काका. रविवारी सगळ्या खोल्या भरल्या म्हणे. तुम्ही आहात म्हणून मला घोर नाही."

अंगदनं तोंड उघडलं. सकाळभर घोकलेलं सगळं घशापर्यंत आलं. आणि बाहेर पडलं ते एवढंच, "हाव, मालक."

इंटरकॉम खणखणला. अंगदनं उचलला. धुरपताबाईंचा आवाज असा होता की रिसीव्हरची गरज नव्हती. "आरं काय हाव? सकाळधरनं घोकून राहिलास, आन् मालक म्होरं आला की हाव! बोल की मुडद्या!"

"कोण आहे?" रविकिरणनं विचारलं.

"एक नंबरच्या आजी हायेत, मालक," अंगद कुजबुजला. "त्यांच्या अंगात देवी हाय. समदं दिसतं त्यांना."

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. लुंगी सावरत मन्मथअप्पा खाली आले, त्यांच्यामागे परीक्षेची पोरं, त्यांच्यामागे ते भांडणारे नवरा-बायको, आता एका बाजूचे झालेले.

"मालक, ह्याला सुट्टी द्या," मन्मथअप्पा म्हणाले. "बायकोचं भजन आहे लातूरला. आणि तुमची नक्कल झकास करतो हो हा. चष्मा तर अगदी हुबेहूब!"

रविकिरणचा हात चष्म्याकडे गेला होता, तो मध्येच थांबला. "तुम्हाला हे सगळं कसं माहीत?"

"टीव्हीवर बघितलं की."

रविकिरण एक नंबरमध्ये शिरला, अंगद त्याच्यामागे. खाटेवर दगडोबा एका डोळ्याला पट्टी बांधून पडले होते. समोरच्या टीव्हीवर रिकामी खुर्ची, खिळ्याची छत्री आणि काउंटरभोवतीची सगळी गर्दी दिसत होती. दगडोबांनी उघड्या डोळ्यानं आधी मालकाकडे बघितलं, मग टीव्हीकडे.

"तू आत्ताच थितं होतास की," ते म्हणाले. "इतक्यात हितं कसा आलास?"

अंगदला एकेक आठवायला लागलं. कान कोरणं. छत्रीपायी दाराला हात जोडणं. अयोध्येशी बोलणं. चष्मा! सोळा खोल्या! त्यानं भिंतीला पाठ लावली आणि डोळे मिटून घेतले. त्याला वाटलं आता मालक घरी पाठवणार.

रविकिरण मात्र खाटेच्या कडेला बसून हसत होता. पोटभर हसून झाल्यावर त्यानं चष्मा पुसला. "काका, कॅमेरा मी लावला, पण मोबाईलवर बघायचं मलाच जमलं नाही. बाकी सगळ्यांनी बघितलं. आता मला तोंडावर सांगा. लोकांनी सांगितलेलं मी धरणार नाही."

दारात गर्दी झाली होती. धुरपताबाईंनी पदर खोचला आणि अंगदकडे रोखून बघितलं. अंगदनं डोळे उघडले.

"मालक, रविवारी मी न्हाई येणार," तो म्हणाला. आवाज त्याच्या अंदाजापेक्षा मोठा निघाला, सगळेच दचकले. "मला लातूरला जायचं हाय. माझी बायको मृदंग वाजवती. मी आजपत्तूर एकदाबी ऐकला न्हाई."

"मग जा की," रविकिरण म्हणाला. "रविवारी काउंटरवर मी बसतो."

"तुला जमल का?" धुरपताबाईंनी विचारलं.

सलीमभाईंना निरोप गेला. ते आले, कप्प्यात डोकं घालून बघितलं आणि कपाळाला हात लावला. "तौबा, तौबा. अंगदभाई, कोथमिरीनं घात केला!" वायर जुन्या जागी गेली. वर पुन्हा बातम्या दिसायला लागल्या, आणि पहिल्यांदाच एकदम सोळा खोल्यांची एकच तक्रार आली, की आधीचं चॅनल बरं होतं.

रविवारी अंगदनं इस्त्रीचा सदरा घातला आणि मंडळाच्या बायकांबरोबर जीपनं लातूरला गेला. कार्यालय गच्च भरलं होतं. पहिल्या रांगेत परीक्षकांच्या खुर्च्या होत्या, त्यातली एक रिकामी दिसली म्हणून तो बसला. बिल्ला लावलेल्या एका पोरीनं येऊन विचारलं, "काका, तुम्ही परीक्षक का?" तो म्हणाला, "नाही. मृदंगवालीचा नवरा." आणि उठला नाही. पोरगी थोडी घुटमळली आणि दुसरी खुर्ची आणायला गेली.

अयोध्या मंचावर आली. हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू. मृदंग मांडीवर ओढून तिनं समोर नजर फिरवली, अंगद दिसला तशी झटकन खाली घातली. मग तिचा हात पडला. अंगदनं या बाईला भाकरी थापताना बघितलं होतं, पेंढ्या बांधताना बघितलं होतं, पण हे हात त्यानं बघितले नव्हते. केवळाबाई गात होत्या, मागच्या बायका टाळ धरत होत्या, आणि त्या सगळ्यांना हाताला धरून पुढे नेत होती ती अयोध्या. अंगदच्या शेजारचा परीक्षक कागद खाली ठेवून बोटानं गुडघ्यावर ताल धरायला लागला.

नेमका तेव्हाच अंगदचा मोबाईल थरथरला. रविकिरण होता.

"काका, सात नंबरला क्रिकेट पाहिजे, बाराला कीर्तन, एक नंबरच्या आजी म्हणतात तुझंच तोंड दाखव. काय लावू?"

"माहीत न्हाई मालक," अंगद तोंडावर हात धरून म्हणाला, "भजन चालू हाय," आणि त्यानं फोन बंद करून टाकला.

मंडळाला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. प्रत्येकीला एक स्टीलचा डबा. बायका म्हणाल्या पहिलाच यायला पाहिजे होता, परीक्षकांना कान नाहीत. परत येताना जीपमध्ये गाणी, हसणं, भेळेच्या पुड्या. अयोध्या अंगदच्या शेजारी बसली होती. अहमदपूर मागे पडलं तेव्हा तिनं बाहेर बघत विचारलं, "कसा वाजला?"

"लई चांगला," अंगद म्हणाला. मग खरं सांगावंसं वाटलं म्हणून म्हणाला, "मधी एका जागी जरा घाई केलीस."

"हाव, केली," अयोध्या म्हणाली. "तुमी फोन काढलात ना, तवा. मला वाटलं आता उठून जातेत."

तिनं मृदंग उचलून त्याच्या मांडीवर दिला आणि पुडीतली भेळ खायला लागली. रस्त्यात खड्डे फार होते. प्रत्येक खड्ड्याला अंगद तो दोन्ही हातांनी पोटाशी धरत होता, आणि केवळाबाई मागून सांगत होत्या की हळू धर बाबा, मृदंगाच्या तोंडावरची काळी शाई खरवडली जाईल.